स्टेपनी घरी आहे

डिकीत गॅसची टाकी बसवली
त्या दिवसापासून स्टेपनी गॅलरीत.
भांडुपला, तिसऱ्या मजल्यावर, कपड्यांच्या दोरीखाली.
लांबच्या खेपेला मागच्या सीटवर घालून न्यायची, असं ठरलेलं.
मंगळवारी ठमी तिच्यात व्याली.
तीन पिल्लं, डोळे मिटलेली.
मुरलीधर म्हणाला, हलवू नकोस,
जागा बदलली तर टाकून देते एखादं.
म्हणून.

रात्रीचे पावणेदोन. गिरगावातला प्रयोग आटोपून निघालेली मी,
मागे ट्रंकेत तीन राण्यांचे शालू, दोन दाढ्या,
आणि एक गदा, वजनाला पावशेरही नाही.
ऑरेंज गेटपाशी स्टिअरिंग डावीकडे ओढायला लागलं,
जत्रेत पोर ओढतं तसं.
फ्रीवेवर चढले नाही.
वर वारा आहे, दिवे आहेत, पंक्चरवाला नाही.

उतरून पाहिलं.
डावं पुढचं चाक, पंगतीतून उठलेल्या माणसासारखं
खाली पसरलेलं.
जॅक होता. पाना होता. लाल त्रिकोणसुद्धा होता.
मांडव, वाजंत्री, अक्षता सगळं तयार,
नवरा तेवढा भांडुपला.

मग पायपंप.
चपला काढून दोनशे दट्टे, काटा अठ्ठावीसवर,
की गाडीत उडी,
रे रोडच्या वखारींपर्यंत पळायचं, काच खाली करून,
स्स्स ऐकत.
पुन्हा उतरायचं. पुन्हा दोनशे.
कॉटन ग्रीनला एक ट्रकवाला केबिनमधून बघत राहिला,
विचारलं काही नाही,
फक्त माझ्याबरोबर ओठ हलवत मोजत होता.
उसन्या हवेवर चालणारे पुष्कळ पाहिलेत मी,
आमच्या धंद्यात तर पोस्टरवर असतात ते.

शिवडीच्या अलीकडे, तिसऱ्या दमात, दिसला
खांबाला टांगलेला टायर, त्याच्या पोटात बल्ब.
पाटीवर ‘पंचर’. खाटेवर तंकप्पन.
आणि आली शंका, येतेच ती:
हीच माणसं टाकतात म्हणे खिळे, कोसभर आधी,
आणि इथे जागी बसतात.
त्याच्या बोटांकडे बघत उभी राहिले,
दागिना सोनाराकडे देऊन उभं राहतात तशी.

त्याने लुंगी खोचली. साबणाचं पाणी मारलं.
एका जागी फेस बुडबुडला.
“हा बघा, बोलला.”
मग विचारलं, स्टेपनी कुठे?
बाळंतीण आहे, म्हटलं. मांजर. तिच्यात.
हसला नाही. किती, एवढंच विचारलं.
तीन.
मान हलवली, हिशेब बरोबर लागल्यासारखी.

पक्कडीने ओढून काढला आणि बल्बखाली धरला.
इंचभर खिळा.
डोक्याला सोनेरी रंग.

दुपारीच मारला होता मी तो रंग, सिंहासनाला,
घाईत, खिळ्यांच्या डोक्यांसकट.
पोरांनी सिंहासन मोडून टेम्पोत भरलं असेल
माझ्याच गाडीच्या नाकासमोर.

“सोन्याचा,” तंकप्पन म्हणाला,
“चाळीस वर्षांत पहिला.”
काचेची बरणी पुढे केली.
आत स्क्रू, छत्रीच्या काड्या, घोड्याच्या नालेची मेख,
एक कानातलं, ज्याचं दुसरं कुठे तरी शोधून दमलं असेल.
टाका, म्हणाला.
टाकला. बोलले नाही काही.

दीडशे झाले. दोनशे दिले.
पन्नास त्याने परत केले.
ते कशाचे होते, त्याला माहीत नव्हतं.

साडेतीनला गॅलरीचा दिवा न लावता वाकून पाहिलं.
ठमीने मान वर केली, मला हुंगलं,
रबराचा वास ओळखीचा वाटला असावा.
एका पिल्लाचा डावा डोळा किलकिला झालाय.
उजवा अजून नाही.

शनिवारी प्रयोग वाशीला.
पंप गाडीतच राहू दे.